डब्याचं नाक, माझं नाक

...आणि वर मलाच विचारतात, 'काकासाब, इतना गुस्सा क्यों?' मग काय करू, आरती ओवाळू त्या डब्याला? ती पण ओवाळून झाली म्हणा, नारळ फोडून, येतो त्याच्यावर... तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण मधूनच सांगितलं की लोक डब्याची बाजू घेतात. माझी बायको तर पहिल्यापासून ऐकूनही त्याचीच घेते.

मी श्रीहरी पागे. आमच्या इंदूरला परदेशीपुऱ्यात नमकीनची एक फॅक्टरी आहे, नाव नाही सांगत, तिथं मी एकतीस वर्षं चाखणारा आहे. चाखणारा मतलब काय, की सेव तळून झाली, मिक्श्चर निघालं, की पाकिटात जायच्या आधी ते माझ्या नाकाखालून जाणार. हातात घ्यायचं, मोडायचं, हुंगायचं, जिभेवर ठेवायचं आणि सांगायचं, हो किंवा नाही. बस. 'नाही' म्हटलं की अख्खा घाणा परत, मग मोठे सेठ का समोर उभे असेनात. आमचे पूर्वज होळकरांच्या पागेत घोडे सांभाळायचे, घोड्याचा श्वास हुंगून सांगायचे म्हणे की आजारी आहे का नाही. खरं-खोटं मला ठाऊक नाही, पण वारसा म्हणून आमच्याकडे जमीन आली नाही, वाडा आला नाही, नाक आलं. आणि ते मी एकतीस वर्षं इमानदारीनं वापरलं, हे लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं ना भिया, त्यात माझं तेच नाक सगळ्यांसमोर...

बरं, थांबा. क्रमानं.

मोठे सेठ वारले, मुलगा आला गादीवर, विक्रांत. मुलगा चांगला आहे, येता-जाता पाया पडतो, पण कुठल्यातरी सेमिनारला गेला आणि तिथून तापच घेऊन आला. म्हणतो, 'काकासाब, अब अपन फॅक्टरी में एआई ला रिये हैं.' मी म्हटलं, आणा, मला काय, बिल बनवायला आणताय ना? तर नाही. म्हणे इलेक्ट्रॉनिक नाक. मी म्हटलं, कुणाचं? म्हणे, 'फॅक्टरी की नाक, काकासाब. आपका बोझ हल्का हो जाएगा.' आता मला सांगा, मी कधी म्हटलं होतं की मला नाकाचा बोजा होतो?

त्याआधी आम्हाला सगळ्यांना भंवरकुआंला एका क्लासमध्ये नेलं, जागरूकता शिबिर. तिथं तेवीस वर्षांचा एक मुलगा, हातात लाल उजेडाची ती पेनसारखी वस्तू, तो पडद्यावर टिकल्या मारत म्हणाला, 'एआई से डरना नहीं है, दोस्ती करनी है.' मी हात वर केला आणि विचारलं, दोस्त माझी खुर्ची तर नाही ना घेणार? तर सगळे हसले. त्यानं पडद्यावर पुढची टिकली मारली. शेवटी सर्टिफिकेट दिलं.

मग जानेवारीत तो डबा आला. शिलाई मशीनएवढा, स्टीलचा, वरून एक नळी, आत बत्तीस सेन्सर, पुढं स्क्रीन. काचेच्या बरणीत गरम सेव ठेवायची, नळी त्यातली हवा ओढणार आणि स्क्रीनवर सांगणार, चांगली का बिघडलेली. आणि डब्याबरोबर पुण्याहून एक मुलगी आली, ऋजुता. अठ्ठावीसची असेल, इंजिनियर, पाठीवर बॅग, बोलणं एकदम छापील. माझी मराठी ही अशी, इंदूरची, अर्धी खिचडी, आणि ती माझं वाक्य संपेपर्यंत अशी थांबायची जशी काही व्याकरणाचे मार्क देणार आहे. मला म्हणते, 'काका, हा डबा अजून कोरा आहे. याला काहीच येत नाही. तुम्ही जे सांगाल तेच तो शिकेल.'

म्हणजे बघा कसं आहे. माझ्या जागी जो बसणार, त्याला मीच शिकवायचं.

पहिल्या दिवशी विक्रांतनं पूजा केली. डब्याला हळदकुंकू, हार, नारळ, आणि त्याच्या आईनं त्या खोलीत धूप लावला, असा भरपूर, डोळे चुरचुरेपर्यंत. मग डबा सुरू केला, समोर ताजी सेव ठेवली, तर स्क्रीन लाल. काढली, दुसरी ठेवली, लाल. पेढा ठेवला प्रसादाचा, लाल. दिवसभर त्याला जग जळकं वाटत होतं. मी म्हटलं, ए बाई, याला धुराचा आणि सेवेचा फरक कळत नाही. तर ती शांतपणे म्हणाली, 'तो शिकतोय, काका.'

तो शिकतोय. हे वाक्य मी गेल्या सहा महिन्यांत किती वेळा ऐकलं असेन, मोजा तुम्ही. आमच्याकडे कारीगर एक घाणा करपवतो तर मोठे सेठ असे बोलायचे की पाटणीपुऱ्याच्या चौकापर्यंत ऐकू जायचं. त्या कारीगराला कोणी म्हटलं का कधी, की तो शिकतोय? मी नवीन असताना एकदा हिंगाचा अंदाज चुकला, तर मला आठ दिवस गोण्या उचलायला लावल्या. माझ्यासाठी कोणी म्हटलं, श्रीहरी शिकतोय? पण डबा चुकला की सगळ्यांच्या तोंडावर कौतुक. जसं बाळ बोबडं बोलतंय.

बरं, शिकवायचं कसं? रोज दोनशे वाट्या. प्रत्येक वाटीवर नंबर. मी हुंगायचं, सांगायचं, ती टाइप करणार, तीच वाटी मग डब्याला. पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. ती म्हणते, 'खवटपणाची आपण एक ते पाच अशी श्रेणी ठेवू. एक म्हणजे किंचित, पाच म्हणजे तीव्र.' मी म्हटलं, वास काय जिना आहे का, एक-एक पायरी चढायला? खवटा-खवटात फरक असतो. तेल जास्त वेळा तापलं तर जुन्या स्टोव्हचा वास येतो, रॉकेलवाल्या. बेसन दमट असलं तर ओल्या पोत्याचा. आणि शेंगदाणा तेलच मुळात म्हातारं झालं असेल तर... माझी एक मावशी होती, धारला, तिची एक ट्रंक होती, तिच्यात ती लाडू पण ठेवायची आणि लुगडी पण ठेवायची, ती उघडली की जो यायचा, तो. मला वाटलं, आता ही हसेल. हसली नाही हो. टाइप करत गेली. 'ओलं पोतं. जुना स्टोव्ह. मावशीची ट्रंक.' आणि तेच डब्यात घातलं.

आठवड्यानं विक्रांत कोणा पाहुण्याला घेऊन आला दाखवायला, तर स्क्रीनवर हे मोठ्या अक्षरात, 'मावशीची ट्रंक, एक्क्याऐंशी टक्के.' पाहुणा विचारतो, 'ये मावशी कौन है?' विक्रांत माझ्याकडे बघतो. मी वर पंख्याकडे बघतो. ती पुण्याची म्हणते, 'सर, ही काकांची परिभाषा आहे.' तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला थोडं बरं वाटलं. परिभाषा म्हणाली. एकतीस वर्षांत कोणी माझ्या बोलण्याला परिभाषा म्हटलं नव्हतं.

पण ते फेब्रुवारीपर्यंतच टिकलं. एक दिवस मीटिंग. विक्रांत, सुपरवायझर, पॅकिंगचे लोक, सगळे बसलेले, आणि ऋजुतानं भिंतीवर एक ग्राफ लावला. म्हणते, 'डबा गोंधळतोय, त्याचं कारण शोधलं. काका इतर दिवशी शंभरातल्या सात वाट्या नाकारतात. मंगळवारी सोळा. त्यातही दुपारी बाराच्या आत.' विक्रांत म्हणाला, मंगळवारी तेल वेगळं असतं का? तेल तेच. कारीगर तेच. मग मागून पॅकिंगच्या प्रेमलताबाई म्हणाल्या, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं, 'मंगल को काकासाब का उपास रहता है नी.'

खोली हसली. अशी हसली की... विक्रांत डोळे पुसत म्हणतो, 'मतलब काकासाब, इत्ते साल से मंगलवार की सेव आपकी भूख के मारे वापस जा री थी?'

तुम्ही सांगा, हे सांगायची जागा होती ही? मंगळवारचा उपास मी गणपतीचा करतो, खजराण्याच्या, चाळीस वर्षं. त्यात माझं डोकं तापतं, तापत असेल, पण म्हणून भिंतीवर ग्राफ? मी त्या मुलीला बाहेर गाठलं आणि म्हटलं, तू डब्याला शिकवायला आलीस की माझी चौकशी करायला? ती खरंच ओशाळली. म्हणाली, 'माझं चुकलं काका. हे तुम्हाला एकट्याला आधी सांगायला हवं होतं.' आणि मग तेच पालुपद, 'पण त्याचं काय आहे, तो तुमच्याकडूनच शिकतोय.'

म्हणजे डबा शिकतोय आणि चोऱ्या माझ्या सापडतायत.

आता एप्रिल. इथपासून नीट ऐका.

उज्जैनला एका लग्नाची ऑर्डर होती, चारशे किलो लौंग सेव. सकाळी तळून झाली, मी हुंगली, मोडली, चाखली. रंग मस्त, मोडताना आवाज मस्त. मी म्हटलं, पाठवा. आणि त्या डब्यानं स्क्रीन लाल केली. 'जुना स्टोव्ह, अठ्ठ्याऐंशी टक्के.' माझेच शब्द. माझ्याच समोर. सगळे थांबले, कारीगर, पॅकिंग, सुपरवायझर, सगळे एकदा डब्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे. मी पुन्हा हुंगली. काही नाही. साफ. मंगळवारचं माझ्या मनात होतंच साचलेलं. मी गेलो आणि त्या डब्याची वायर खेचून काढली. म्हटलं, 'इकतीस साल से ये नाक चल री है, बिना बिजली के. माल जाएगा.' विक्रांतनं माझ्या हातातली वायर बघितली आणि म्हणाला, 'काकासाब बोल रिये हैं तो जाएगा.'

गेला. आणि संध्याकाळी उज्जैनहून फोन. पंगतीत पहिल्या घासाला लोकांनी द्रोण बाजूला सारले. 'भिया, बास मार री है आपकी सेव.' मुलीच्या बापाला व्याह्यांसमोर हात जोडावे लागले म्हणे. चारशे किलो परत आली. त्या कढईत आदल्या दिवसाचं तेल राहिलं होतं, ते नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी मी गेटमधून आत आलो तर सगळे असे आदरानं बाजूला झाले, जसे अंत्ययात्रेला होतात. विक्रांत रोजच्यासारखा पाया पडला. ओरडला असता तर बरं झालं असतं. डब्याची वायर कोणीतरी पुन्हा लावली होती.

मी मनात म्हटलं, सर्दी असेल. गेले कित्येक महिने मी हेच म्हणत होतो ना. चहाला चव नाही, तर दूध भेसळीचं. मोगऱ्याला वास नाही, तर माती बिघडली. उदबत्ती नुसता धूर, हिंग नुसता मैदा, आजकाल कशातच दम राहिला नाही... हे मी ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकवायचो, तुमच्यातल्या काहींनी ऐकलं पण असेल आणि मान पण हलवली असेल. कोणी म्हटलं नाही की श्रीहरी, आम्हाला तर येतो मोगऱ्याचा वास.

तिसऱ्या दिवशी ऋजुता म्हणाली, 'काका, दहा मिनिटं बाहेर चहा घेऊ या का?' फॅक्टरीच्या मागं टपरी आहे तिथं. तिनं लॅपटॉप उघडला, पण माझ्याकडे वळवला नाही, आधी बोलली. म्हणाली, 'मी रोजच्या वाट्यांत काही वाट्या दोनदा ठेवते. तीच सेव, वेगळा नंबर. डबा तपासायची पद्धत असते ती. जानेवारीत तुम्ही शंभरातल्या नव्वद वेळा दोन्हींना तेच उत्तर देत होता. मार्चपासून ते घसरत गेलं. पण सगळं नाही घसरलं. रंग तुम्ही अजून बरोबर पकडता. कुरकुरीतपणा बरोबर, मीठ बरोबर. फक्त ज्या वाट्या नुसत्या वासानं कळतात...' तिनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, 'आता तुम्ही अंदाजानं सांगता, काका. मला वाटतं, तुम्हाला वास येत नाहीये.'

मी काय बोललो ते सांगायची लाज वाटते. मी म्हटलं, तुझ्या डब्याची चूक झाकायला तू माझं नाक कापायला निघालीस. म्हटलं, तू पण एक डबाच आहेस, कोणी भरेल ते बोलणारा. आवाज असा चढला माझा की टपरीवाल्यानं गाळणी खाली ठेवली. ती मुलगी रडली नाही. कपाकडे बघत म्हणाली, 'माझ्या बाबांचं ऐकणं कमी झालं ना, तेव्हा आम्ही घरात कोणीच त्यांना सांगितलं नाही. दोन वर्षं. नुसते मोठ्यानं बोलत राहिलो. त्यांना वाटायचं, सगळे त्यांच्यावर ओरडतायत.' मग बॅग उचलली. 'रिपोर्ट मी अजून कोणाला पाठवलेला नाही. म्हटलं, या वेळी आधी तुम्हाला.'

मी घरी आलो. स्नेहलतागंजला आमचं घर, दुसरा मजला. शैलजा, माझी बायको, भाजी निवडत होती. मी सरळ स्वयंपाकघरात गेलो, मसाल्याचा डबा काढला, धने नाकाशी धरले. मग जिरं. मग लवंगा. मग हिंगाची डबी, ती छोटी, जी उघडली की शेजारच्या फ्लॅटमध्ये कळतं. उघडली आणि नाकाला लावली, ओढला श्वास, पूर्ण... काही नाही. तुम्हाला कसं सांगू, काळोखात दिवा लावायला बटण दाबावं आणि दिवे गेलेले असावेत, तसं. पुन्हा दाबलं. पुन्हा. नाकाच्या शेंड्याला हिंग लागलं आणि मी तसाच उभा.

शैलजा दारात होती. कधीची होती कोण जाणे. म्हणाली, 'नाही ना येत?'

मी म्हटलं, तुला कसं माहीत?

म्हणाली, 'मार्चमध्ये मी देवळातून आले तेव्हा गॅसचं बटण अर्धवट उघडं होतं, घरभर वास, मला जिन्यातच आला. आणि तुम्ही तिथं टेबलाशी बसून शब्दकोडं सोडवत होता. मी खिडक्या उघडल्या तर म्हणालात, वारा कशाला आणतेस, पान उडतंय. तेव्हापासून मी देवळात जाताना सिलेंडर खालून बंद करून जाते. दूध पण मीच आधी हुंगते.'

मग सांगितलं का नाहीस? तर म्हणते, 'कसं सांगू? तुमचं सगळं नाकावरच तर आहे.'

म्हणजे बायकोला माहीत होतं. पुण्याहून आलेल्या मुलीला माहीत झालं. स्टीलच्या डब्याला सुद्धा कळलं. फक्त ज्याचं नाक, त्याला पत्ता नाही. आता मला राग येऊ नये?

दुसऱ्या दिवशी मी स्वतः विक्रांतच्या केबिनमध्ये गेलो. ऋजुता म्हणाली, मी येते बरोबर, मी म्हटलं, नको. दार लावलं आणि सांगितलं. सेव माझ्यामुळं गेली, वायर मी काढली, आणि मला वास येत नाही, बहुतेक दिवाळीपासून कमी-कमी होत गेला असेल. तो खुर्चीतून उठला, माझ्या बाजूला येऊन बसला. मोठ्या सेठांसारखा ओरडेल म्हणून मी तयारीनं गेलो होतो. तो माझा हात धरून म्हणतो, 'काकासाब, आप टेंशन मत लो. आप आराम करो. डब्बा है ना.'

डब्बा है ना. तुम्हाला सांगतो, शिवी चालली असती.

मग डॉक्टर. डॉक्टर अमिता म्हणून आहेत, नाक-कान-घशाच्या. नाकात दुर्बीण घातली, स्क्रीनवर दाखवलं. नाकात मांस वाढलं होतं, दोन्ही बाजूंनी, द्राक्षांच्या घोसासारखं. वाट बंद. वास वरपर्यंत पोचतच नव्हता. मी म्हटलं, हे गेलं की परत येईल? त्या म्हणाल्या, 'बहुतेक येईल, पण किती आणि कधी, ते आज नाही सांगत.' मेमध्ये ऑपरेशन झालं. आठ दिवस नाकात कापूस. फॅक्टरीतून कारीगर भेटायला आले, फळं आणली, आणि एकानं हळूच विचारलं, 'काकासाब, डब्बा मंगल को भी पास कर रिया है, आपको बता दूँ?' हाकलला त्याला.

आणि ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाई काय म्हणाव्यात? म्हणाल्या, 'आता नाकाला पुन्हा शिकवायचं.' चार बाटल्या दिल्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची, वीस सेकंद, डोळे मिटून, आणि तो वास मनात आठवायचा. साठीच्या जवळ आलेला माणूस, एकतीस वर्षांचा चाखणारा, खाटेवर बसून डोळे मिटून लिंबू ओळखतोय. शैलजा समोर बाटल्या धरायची, लेबल झाकून. पंधरा दिवस काहीच नाही. मग एक दिवस काहीतरी आलं, पुसट, मी म्हटलं, लवंग. तिनं बाटली फिरवून दाखवली. गुलाब. मी बाटली हिसकावून घेतली, तर ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणते, 'असू दे हो. शिकताय तुम्ही.'

मी तिच्याकडे असं बघितलं. तिला हसू आवरेना. मग मला पण आवरेना, ते सोडा.

आता या मधल्या काळात तिकडं काय झालं. जूनमध्ये ऋजुता पुण्याला परतली आणि तिसऱ्याच दिवशी फॅक्टरी बंद. डब्यानं सगळी सेव लाल केली. सकाळपासून सहा घाणे, सहाच्या सहा 'मावशीची ट्रंक, ब्याण्णव टक्के'. विक्रांत म्हणतो, डबा बोलतोय तर असेल बिघडलेली, फेका. कारीगर म्हणतात, तेल कालच उघडलंय, नवीन. फोन ऋजुताला, ती तिथून स्क्रीन बघते, तिला काही कळेना, शेवटी म्हणाली, 'काकांना बोलवा.' विक्रांतचा मला फोन. मी म्हटलं, मी येऊन काय करू, माझ्या नाकाला गुलाब आणि लवंग अजून एकच आहेत. फोन ठेवला. मग आठवलं, घरात दूध कोण हुंगतं ते, आणि शैलजाला म्हटलं, साडी बदल, चल.

ती पहिल्यांदा फॅक्टरीत आली, लग्नाला चौतीस वर्षं झाली. सगळ्यांनी नमस्कार केले, ती लाजली, मग सेव हातात घेतली. मी मोडून बघितली, आवाज चांगला. रंग चांगला. तिनं हुंगली आणि लगेच म्हणाली, 'तेल चांगलं आहे. हिंग बदललंय तुमचं. हे कडक आहे, वेगळ्या जातीचं. खवट नाही हे.' बघितलं तर खरंच, नवीन व्यापारी, नवीन हिंग, आठवड्यापूर्वीच धरलेला, आणि त्याचं पहिलं पाकीट त्या सकाळीच फोडलेलं. डब्यानं ते हिंग जन्मात हुंगलं नव्हतं, म्हणून त्यानं जे येत होतं त्यातलं सगळ्यात जवळचं नाव ठोकून दिलं. फोनवर ऋजुता ऐकत होती. म्हणाली, 'काकू, तुम्ही हे कुठं शिकलात?' शैलजा म्हणाली, 'स्वयंपाकघरात. तिथं कोणी ग्राफ काढत नाही.' सहा घाणे वाचले. विक्रांत तिच्या पाया पडला आणि म्हणाला, 'काकीसाब, आप रोज आ सकती हो क्या?'

येते ती आता. सोमवार, बुधवार, शुक्रवार. तिच्यासाठी खुर्ची आणलीय, पाठीला टेकण असलेली. मी तिथं एकतीस वर्षं उभा होतो.

आणि मी पण जातो. वास परत आलाय, सगळा नाही, रुपयातले बारा आणे समजा. पण मला कामावर परत घ्यायच्या आधी विक्रांतनं अट घातली, ऋजुतानं सुचवलेली. रोज सकाळी दहा वाट्या. आधी मी सांगायचं, मग डबा सांगणार, आणि दोघांचं जमलं तरच मी त्या दिवशी पुढचा माल बघायचा. म्हणजे ज्याला मी वाटी-वाटीनं वास शिकवला, तो रोज सकाळी सात वाजता माझी परीक्षा घेतो. शाळा सोडून चव्वेचाळीस वर्षं झाली मला. सकाळी गणपतीला हात जोडून निघतो हो, खरंच. पहिल्या दिवशी सहा आले. मग सात. मग आठ. प्रेमलताबाई पॅकिंगमधून विचारतात, 'आज कित्ते आए, काकासाब?' जसा काही पोरगा नववीत आहे.

काल नऊ आले. दहाव्या वाटीवर अडलं. मी म्हटलं, बिघडलेली, डबा म्हणतो, चांगली. विक्रांत आला, म्हणतो, 'काकासाब, पक्का?' मी म्हटलं, एकदम पक्का. पुन्हा हुंगायला सांगितली, पुन्हा तेच म्हटलं. डब्यापुढं माघार घ्यायची म्हणजे काय. शेवटी त्यानं तो घाणा बाजूला काढला आणि माझ्या मानाखातर डब्याची चूक म्हणून लिहून टाकली. आता पुण्याला जाईल ते, आणि तिथून डब्याला पुन्हा शिकवतील.

ती वाटी मी पुरावा म्हणून घरी आणली. संध्याकाळी चहाबरोबर समोर होती. सहज एक उचलली, मग दुसरी. शैलजा आतून आली, रिकाम्या वाटीकडे बघितलं आणि म्हणाली, 'ही बिघडलेली होती ना?'

मी म्हटलं, हो.

आता तुम्ही घरचे आहात म्हणून सांगतो... चांगली होती. पण फॅक्टरीत कोणी बोलू नका.